विष कशाला म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीत बसून मला वीसेक वर्षं झाली. विषबाधेचा पेशंट आत गेला की नातेवाईक खिडकीशी येऊन उभे राहतात आणि प्रश्न विचारतात. काही प्रश्न त्या घाईतले, काही चार दिवसांनी चहा पिताना आठवलेले. त्यातलेच इथे घेतले आहेत.

कपाशीवर मारतात तेही औषध आणि आम्ही पितो तेही औषध. असं कसं?

आपली भाषाच तशी आहे. शेतकरी ‘औषध मारायला’ जातो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘विषारी औषध प्राशन केले’ अशी बातमी येते. कानाला हे विचित्र वाटतं, पण विषशास्त्राला त्यात फारसं वावगं दिसत नाही. स्वित्झर्लंडचा वैद्य पॅरासेल्सस (१४९३ ते १५४१) याने १५३८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की विष नाही असा पदार्थच नाही, विष आहे की नाही ते मात्रेवरून ठरतं. आपल्याकडे ‘अति तिथे माती’ म्हणतात, त्यातली गोष्ट तीच.

मात्र मात्रा हा पहिला प्रश्न झाला. खिडकीशी बसून मी आणखी चार विचारायला शिकलो: कुठून गेलं, कोणाच्या अंगात गेलं, किती वेळ झाला, आणि सोबत आणखी काय होतं. पुढची बहुतेक उत्तरं या पाचांभोवतीच फिरतात.

म्हणजे पाणीसुद्धा विष?

हो. मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभरापर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून बरंच जास्त पाणी थोड्या वेळात प्यायलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि पेशी पाणी ओढून फुगतात. हातापायाच्या पेशी फुगल्या तर फारसं बिघडत नाही. मेंदूला मात्र कवटीच्या आत फुगायला जागा नसते. झटके येतात, माणूस बेशुद्ध होतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे यातून दगावलेले आहेत.

उलट बाजूही बघा. जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक म्हणजे बोटुलिनम. खराब झालेल्या डबाबंद अन्नात ते तयार होतं. तेच अतिशय सूक्ष्म प्रमाणात तिरळेपणावर, मान आखडण्यावर आणि कपाळावरच्या सुरकुत्यांवर टोचतात.

डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ काय?

प्रयोगशाळेत उंदीर-घुशींना एखादा पदार्थ देऊन बघतात आणि ज्या मात्रेला निम्मे प्राणी मरतात तिला ‘एलडी ५०’ म्हणतात. ही पद्धत १९२७ मध्ये ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडली. ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये लिहितात. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. नव्या माणसाचा इथेच घोळ होतो, मोठा आकडा बघून तो घाबरतो.

आपल्या कीटकनाशक नियमांप्रमाणे तोंडावाटे ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. तुलनेसाठी सांगतो, खायच्या मिठाचा आकडा उंदरांमध्ये साधारण ३००० येतो, म्हणजे मीठ निळ्या त्रिकोणात बसेल.

पण या त्रिकोणाच्या भरवशावर राहू नका. तो एकाच वेळी पोटात गेलेल्या विषाचा हिशोब सांगतो. महिनाभर रोज अंगावर उडणाऱ्या तुषारांचं काय, दोन औषधं एकत्र कालवली तर काय, दम्याच्या माणसाचं काय, हे त्याला विचारून उपयोग नाही. ‘हिरवं आहे, काही होत नाही’ म्हणत उघड्या हाताने बादलीत औषध ढवळणारे मी पाहिलेत.

प्यायलाच नाही, तर विष लागलं कसं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण भरती झाले. त्यांनी विष हातात धरलं होतं ते पिकासाठी, तरी ते अंगात गेलं.

त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, काही ठिकाणी डोक्याच्याही वर. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. पाठीवर पंप, झाकणातून गळणारं द्रावण पाठीवरून कमरेपर्यंत उतरतंय. नळी डोक्याच्या उंचीवर धरलेली, तुषार तोंडावर परत येताहेत. सदरा घामाने आणि औषधाने चिंब. उन्हाने कातडीतला रक्तप्रवाह वाढलेला. तोंडाला रुमाल बांधलाय, पण तोही ओला, म्हणजे नाकाशी विषाची पट्टीच धरली म्हणा. मध्येच नोझल तुंबतं, ते तोंडाने फुंकून मोकळं करायचं. दुपारी त्याच हाताने भाकरी.

अशा फवारणीतली बरीच कीटकनाशकं चरबीत विरघळतात, त्यामुळे अखंड कातडीतूनही आत जातात. काखेतून, मानेतून आणि जांघेतून तर तळव्यापेक्षा कितीतरी लवकर. म्हणून अशा पेशंटचा पहिला उपचार सुईचा नसतो. कपडे उतरवायचे आणि साबण-पाण्याने अंग धुवायचं, केस आणि नखांसकट. धुणाऱ्याने हातमोजे घालायचे. तो ओला सदरा उशाला ठेवून बसलेला भाऊ संध्याकाळी स्वतः गरगरून पडल्याचं उदाहरण आमच्याच वॉर्डातलं आहे.

मार्ग बदलला की विषही बदलतं का?

बदलतं. थर्मामीटर फुटून मुलाने पारा गिळला तर आई हंबरडा फोडते. तो पारा बहुतेक वेळा शौचावाटे तसाच बाहेर पडतो, आतड्यातून शोषलाच जात नाही. फरशीवर सांडलेल्या पाऱ्याकडे मात्र कोणी बघत नाही. त्याची वाफ श्वासातून गेली तर तिचा मोठा हिस्सा थेट रक्तात उतरतो. म्हणून तो झाडूने पसरवू नका. खिडक्या उघडा आणि जाड कागदावर थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा.

गुंजेचंही तसंच. सोनार ज्याने सोनं तोलत असे ते हे बी अतिविषारी आहे, पण कवच इतकं टणक असतं की अख्खं गिळलेलं बी अनेकदा तसंच बाहेर पडतं. चावलं गेलं तर गोष्ट वेगळी. मुलाने गिळलं की चावलं हे आपल्याला खात्रीने कळत नाही, म्हणून दवाखाना गाठायचाच.

यकृत विष मारतं म्हणतात. मग इतकी काळजी कशाला?

यकृताला मी गावातल्या हुशार पण आंधळेपणाने नियम पाळणाऱ्या कारकुनाची उपमा देतो. समोर आलेल्या प्रत्येक परक्या पदार्थावर तो तीच प्रक्रिया करतो, म्हणजे त्याला पाण्यात विरघळेल असा करून मूत्रपिंडांकडे पाठवतो. बहुतेक वेळा काम चोख होतं. कधीकधी मात्र साधा पदार्थ घेऊन त्याचं विष हाच कारकून तयार करतो.

विषारी दारूत तेच होतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल स्वतः साध्या दारूसारखंच झिंग आणतं. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं, मग फॉर्मिक आम्ल. हे आम्ल डोळ्याच्या नसेवर जातं आणि रक्त आंबवतं. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून माणूस रात्री पिऊन झोपतो, सकाळी ‘धुकं दिसतंय’ म्हणत उठतो आणि घरचे म्हणतात, अजून उतरली नाही. यावर फोमेपिझोल हे औषध देतात, किंवा ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत शुद्ध इथेनॉल. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) मिथेनॉलवर काम करतं तेच इथेनॉलवरही करतं, आणि त्याची ओढ इथेनॉलकडे जास्त. कारकुनाला दुसऱ्या फायलीत गुंतवून ठेवायचं, तोवर मिथेनॉल डायलिसिसने काढायचं. हा उपाय आयसीयूतला आहे. घरी कोणाला ‘अजून थोडी पाजून’ बघू नका.

पॅरासिटामॉलचंही असंच. ठरलेल्या मात्रेत, म्हणजे निरोगी प्रौढाला दिवसाला फार तर ४ ग्रॅम, ते अगदी भरवशाचं औषध आहे. त्याचा थोडासा भाग यकृतात एका दाहक पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा साठा त्याला तिथल्या तिथे विझवतो. मात्रा वाढली की हा साठा संपतो आणि तो पदार्थ यकृताच्याच पेशी जाळतो. तापाची गोळी, वर सर्दीची गोळी, वर अंगदुखीची. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे हे पाकीट उलटून कोण वाचतं? उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. अडचण एवढीच की त्या आठ तासांत पेशंटला काहीच होत नसतं.

फवारणीचं विष अंगात गेल्यावर नेमकं काय करतं?

ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाबद्दल सांगतो, कारण आमच्याकडे अनेक वर्षं तोच जास्त येतो.

नस स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देते तेव्हा टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते. निरोप पोहोचला की एक विकर ते लगेच तोडून टाकतं आणि पुढच्या निरोपासाठी जागा मोकळी होते. ऑर्गनोफॉस्फेट त्या विकराला जाऊन चिकटतं. आता निरोप येतच राहतात, मिटवणारं कोणी नाही. दाराची बेल दाबली आणि बटण आत अडकून बसलं, तसं.

मग सगळे नळ सुटतात. लाळ, अश्रू, घाम, जुलाब, लघवी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नाडी मंदावते. कातडीखाली स्नायू फडफडताना दिसतात, मग थकून लुळे पडतात. माणूस मरतो तो श्वासाने. फुप्फुसं आतल्या पाण्याने भरतात आणि छातीचे स्नायू साथ सोडतात.

यावरचं मुख्य औषध ॲट्रोपिन, आणि ते वनस्पतींच्या ज्या कुळातून आलं त्यातच आपला धोतरा बसतो. धोतऱ्याचं बी पोटात गेलेला माणूस आठवा: तोंड कोरडं, कातडी तापलेली, बाहुल्या मोठ्या, नाडी धावतेय, असंबद्ध बडबड. फवारणीच्या विषाच्या बरोबर उलट चित्र. एका विषाने दुसऱ्याचं तोंड बंद करायचं, एवढाच या उपचाराचा अर्थ. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा महादेवाला धोतरा का वाहतात याचा विचार मी दोन दिवस करत होतो. अर्थात तो वेगळा विषय, आणि धोतरा कुटून पाजणं हा उपचार मुळीच नाही.

एवढी ॲट्रोपिनची इंजेक्शनं कशाला? डॉक्टर चुकताहेत का?

ऑपरेशनआधी ॲट्रोपिनची ०.६ मिलिग्रॅमची एक कुपी पुरते. फवारणीच्या पेशंटला तासाभरात तीस-चाळीस लागू शकतात. नातेवाइकाच्या हातात रिकाम्या कुप्यांनी भरलेला ट्रे दिसतो आणि तो हादरतो. इथे औषधाची मात्रा वजनावर ठरत नाही, छातीतल्या आवाजावर ठरते. दर पाच मिनिटांनी स्टेथोस्कोप लावायचा. घरघर आहे? आधीपेक्षा दुप्पट द्या. छाती कोरडी झाली, नाडी वाढली? थांबा, आता संथ ठिबक. ॲट्रोपिन जास्त झालं तर पेशंट चादर ओढतो, हवेत काहीतरी पकडतो. तेही नोंदवून मात्रा कमी करतात.

ॲट्रोपिन स्नायूंचा लुळेपणा घालवत नाही, ते फक्त नळ बंद करतं. त्यासाठी पाम नावाचं दुसरं इंजेक्शन असतं, ते विकराला चिकटलेलं विष सोडवायला बघतं, पण उशीर झाला की पकड पक्की होते. आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान एक फसवा टप्पा येतो. पेशंट शुद्धीवर आलेला असतो, घरचे नारळ फोडून आलेले असतात, आणि मानेचे, मग श्वासाचे स्नायू गळतात. आमच्या सिस्टर रोज सकाळी अशा पेशंटला एकच सांगतात, ‘दादा, उशीवरून डोकं उचला बरं.’ डोकं उचललं गेलं नाही तर त्या धावत डॉक्टरांकडे जातात. या तपासणीला कुठलंच यंत्र लागत नाही.

साप चावला, मूल लहान आहे. डोस अर्धा देणार ना?

नाही. मुलालाही मोठ्या माणसाइतकाच. बाकी बहुतेक औषधं वजनावर जातात, हे नाही, कारण सर्पविषरोधक लस मुलावर काम करत नाही, मुलाच्या अंगात गेलेल्या विषावर करते. सापाने विष सोडताना समोरचा लहान आहे की मोठा हे पाहिलेलं नसतं. उलट तेवढंच विष लहान अंगात पसरतं, म्हणून मूल लवकर गंभीर होतं. ही लस घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून काढतात. मुंबईत परळची हाफकिन संस्था यासाठी जुनी प्रसिद्ध आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते.

चौघांचे मार्ग वेगळे. नाग आणि मण्यार नसा-स्नायूंच्या सांध्यावर बसतात, पापण्या जड होतात, मग श्वास. घोणस आणि फुरसं रक्त गोठण्याची व्यवस्था उधळतात. त्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करून बघायचं. गोठलं नाही तर विष चढलंय. मण्यार रात्री अंथरुणात चावते आणि दुखतच नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या पापण्या आधी बघा.

आवळून बांधणं, कापणं, चोखणं, तिन्ही नको. पाय हलवू देऊ नका आणि गाडी काढा.

विंचवावर बीपीची गोळी देतात हे खरं?

खरं, आणि ही गोष्ट महाडची आहे. कोकणातला लाल विंचू चावला की शरीर स्वतःच ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सोडतं. हातपाय गार, दरदरून घाम, रक्तदाब चढलेला, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडसारख्या ठिकाणी, खाटेशेजारी रात्र-रात्र बसून हे नोंदवलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी यावर चालते हे दाखवून दिलं. त्यांचे निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विंचू थोडंसं विष टोचतो, पुढचा सगळा गोंधळ आपलंच शरीर घालतं. प्राझोसिन विषाला हातही लावत नाही, ते शरीराचा तो आततायीपणा आवरतं.

बाथरूममध्ये गॅस गीझरने माणूस कसा जातो? वास तर येत नाही.

वास येत नाही हीच अडचण. बंद न्हाणीघरात हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतं. डोकं दुखतं, पायातलं बळ जातं, आणि कडी आतून लावलेली असते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, त्याला दोन्हींतला फरक कळत नाही आणि ते ९८ दाखवतं. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा.

एकाला होतं, दुसऱ्याला होत नाही, असं का?

वय, वजन, यकृत-मूत्रपिंडांची अवस्था, आधीची औषधं, जन्मजात विकरं. मोठा माणूस पोटात गेलेल्या शिशाचा दहावा हिस्सा शोषतो, लहान मूल जवळजवळ निम्मा. मुलात लोह कमी असेल तर आणखी जास्त.

प्राण्याप्राण्यांतला फरक तर थक्क करणारा आहे. डायक्लोफेनॅक आपण कंबरदुखीला घेतो, गाई-बैलांनाही द्यायचे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. पाहता पाहता देशातून गिधाडं जवळजवळ पुसली गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. म्हणून उंदरावर चाललं ते माणसावर चालेलच असं कोणी छातीठोक सांगू लागलं, तर मी गिधाडं आठवतो.

रोज थोडं थोडं गेलं तर काय होतं?

तळाला बारीक भोक असलेला रांजण समजा. रोज एक तांब्या पाणी पडतं, रोज थोडं झिरपतं. झिरपणं जास्त असेल तर रांजण कोरडा राहतो, पडणं जास्त असेल तर एक दिवस भरतो. कॅफिनसारख्या पदार्थाला मोठं भोक, काही तासांत निम्मं बाहेर. शिशाला रक्तातून निम्मं उतरायला महिनाभर, आणि हाडात जाऊन बसलं तर दशकं. शिशाची सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्यांच्या घरातली मुलं अभ्यासात मागे पडतात, तेव्हा कोणाच्या डोक्यात विष येत नाही.

अन्नातल्या ‘सुरक्षित मर्यादा’ कशा ठरतात? प्राण्यांना ज्या मात्रेने काहीच अपाय होत नाही ती घेतात आणि बहुधा १०० ने भागतात. प्राण्यापासून माणसापर्यंतच्या फरकासाठी दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी दहा. त्यामुळे मर्यादा थोडी ओलांडली की लगेच विषबाधा असं नसतं. पण मर्यादा आहे म्हणून बेफिकीर राहण्यासारखं नाही, कारण जेवणात एकाच पदार्थाचा अंश नसतो.

झाडपाला नैसर्गिक आहे, तो कसा बाधेल?

अळू चिरताना हात खाजतात तो नैसर्गिकच प्रकार आहे, पानात सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. बिब्ब्याचं तेल अंगावर उठतं. कोवळी ज्वारी खाल्लेली गाय तासाभरात आडवी होते, कारण चघळल्यावर त्या पानांतून सायनाइड सुटतं. एरंडाच्या बीत रिसिन हे विष आहे, पण ते तेलात येत नाही, पेंडीत राहतं. म्हणून एरंडेल चालतं आणि पेंड जनावराला चालत नाही. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळेची मुलं खातात आणि एकाच वेळी पंधरा-वीस जण उलट्या करत येतात. बहुतेक सलाइनवर बरी होतात. पिवळी कण्हेर मात्र हृदयाचा ताल बिघडवते, तिथे थट्टा नाही.

विष पोटात गेलं तर आधी उलटी करवायची का? मिठाचं पाणी, दूध, लिंबू?

नाही. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन उलटून येताना फुप्फुसात उतरतं, आणि खरा न्युमोनिया तिथून सुरू होतो. आम्ल किंवा ॲसिडचं टॉयलेट क्लीनर वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. गुंगीतल्या माणसाला उलटी म्हणजे गुदमरणं. मिठाच्या पाण्याने मुलांच्या रक्तातलं सोडियम इतकं वाढतं की विषाआधी तेच मारतं. दुधाने, तुपाने काही चरबीत विरघळणारी विषं उलट लवकर शोषली जातात. आम्लावर सोडा, सोड्यावर लिंबू हा शाळेतला प्रयोग पोटात करू नका, त्यात उष्णता निघते.

कुशीवर वळवा, तोंड पुसा, कपडे काढा, डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास सल्ला देतं, डॉक्टरही तिथे विचारतात.

दवाखान्यात काळी पावडर पाजतात ती क्रियाशील कोळशाची. विष तिच्यावर चिकटतं. साधारण पहिल्या तासात उपयोग, आणि धातू, दारू, रॉकेल यांना ती धरत नाही.

डॉक्टरांना काय दाखवायचं?

डबा. रिकामा असला, फाटका असला तरी. ‘पांढरं औषध होतं’ यावरून काही कळत नाही, लेबलवरच्या घटकाच्या नावावरून उतारा ठरतो. किती वाजता, किती, आणि आधी कुठल्या गोळ्या चालू होत्या. साप असेल तर मारून पिशवीत आणू नका, मेलेल्या सापाचं डोकंही चावतं. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

मुद्दाम घेतलं असेल तर केस होईल म्हणून ‘चुकून गेलं’ सांगावं का?

सांगू नका. चुकून गेलं म्हणालात की डॉक्टर घोटभर समजतात, आणि उपचाराचं गणित चुकतं. दवाखान्याला एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद करावीच लागते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम असं मानतं की अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, तिला शिक्षा करायची नाही, तिची काळजी घ्यायची. घरात कोणाच्या मनात असं काही घोळत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि तोवर औषधाचं कपाट कुलपात असू द्या.

आता बरं वाटतंय म्हणतो, घरी नेऊ का?

मिथेनॉलवाला पहिले बारा तास बरा असतो. पॅरासिटामॉलवाला पहिला दिवस. उंदीर मारायच्या काही मलमांत पिवळा फॉस्फरस असतो. उलट्या थांबतात, दोन दिवस शांतता आणि मग कावीळ. फवारणीवाला तिसऱ्या दिवशी मान टाकतो. ‘बरं वाटतंय’ म्हणून कागदावर सही करून नेलेले पेशंट परत आलेले मी पाहिलेत, आणि काही परत आलेले नाहीत.

प्रत्येक विषाला उतारा असतो का?

मोजक्यांना असतो. बहुतेक वेळा श्वास चालू ठेवणं, रक्तदाब सांभाळणं, लघवी होऊ देणं, एवढंच डॉक्टर करतात आणि विष शरीर स्वतः बाहेर काढतं. नातेवाइकांना हे ‘काहीच करत नाहीत’ असं वाटतं.

‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे काय?

शवविच्छेदनात जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड काढून बरण्यांत, बहुधा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात आणि मुंबईच्या कलिनासारख्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवतात. हे तंत्र तसं जुनं आहे. १८३६ मध्ये मार्श या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने अर्सेनिक ओळखायची परीक्षा शोधली आणि १८४० मध्ये फ्रान्समधल्या लाफार्ज विषप्रयोग खटल्यात ऑर्फिला या विषशास्त्रज्ञाने ती कोर्टात वापरली. अहवालाला वेळ लागतो कारण आधी कशाचा संशय आहे ते ठाऊक नसेल तर हजारो पदार्थांतून शोधावं लागतं.

रिकाम्या डब्याचं काय करायचं?

१६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडलं. तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवलं होतं, असं तेव्हा सांगितलं गेलं. मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या द्रावणावर देशात २०२३ मध्ये बंदी आली.

डबा तीनदा विसळा, विसळलेलं पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, विहिरीवर किंवा नाल्यात नको. मग तळाला खिळ्याने भोकं पाडा. आमच्या घरी वडील निळ्या डब्याला दोर बांधून त्यात शेतावर प्यायचं पाणी न्यायचे, कारण त्याचं झाकण घट्ट बसायचं. तो डबा मी नोकरीला लागलो त्या वर्षी फोडला, आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.